भिंतीचा हिशोब

मार्चअखेरचा स्टॉक घ्यायला हिशोबनीस म्हणून दरवर्षी जाते तशी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गेले होते. बिडाच्या ओतकामाचा छोटा कारखाना. पिग आयर्नचे ढीग, फेरोसिलिकॉनचे कट्टे, रॅमिंग मासच्या, म्हणजे भट्टीला आतून लावायच्या पुडीच्या, गोण्या मोजून झाल्या आणि ऊन चुकवायला पॅनलच्या आडोशाला उभी राहिले. तिथे भट्टी सांभाळणारे मेल्टर मामा मीटरकडे बघत होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गळ्यात ओला टॉवेल, भुवया अर्ध्या जळालेल्या. मला म्हणाले की स्वतःशीच, कोण जाणे, पण म्हणाले, “पावर लई भारी घ्यायलीय आज. लायनिंग उतरलंय की. अजून दोन-चार हीट झाल्या की तोडायचं.” दोन्ही गोष्टी एका दमात आणि एकाच सुरात. पोरगं अभ्यासात चांगलं निघालं, आता पुण्याला जाईल, असं बाप सांगतो ना, तसा काहीसा सूर होता. खूश होते की नव्हते ते कळलं नाही.

लायनिंग म्हणजे भट्टीची आतली भिंत, आणि हीट म्हणजे वितळवलेल्या धातूचा एक घाणा. भट्टी सगळ्यात चांगली चालते ती भिंत संपत आल्यावर. हे वाक्य मी सोबत घेऊन आले आणि त्या आठवड्यात इतर तीन कंपन्यांच्या ताळेबंदात ते अधूनमधून डोकं वर काढत राहिलं.

कारण समजायला अवघड नाही. इंडक्शन भट्टीत बाहेरून तांब्याचं कॉइल असतं, पोकळ, आतून पाणी वाहतं. आत धातू. कॉइलमधून वीज जाते, तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूतच प्रवाह फिरतात आणि तो स्वतःच्या आतूनच तापून वितळतो. या दोघांच्या मध्ये असते ती भिंत, लहान भट्टीत जेमतेम तीन इंच. विजेच्या दृष्टीने ती भिंत म्हणजे नुसतं अंतर. अंतर जितकं कमी, तितकं क्षेत्र धातूला जास्त भिडतं, तितकी पॉवर जास्त ओढली जाते, हीट लवकर निघते. म्हणजे विजेला भिंत नकोच आहे. आणि भिंत नसेल तर पंधराशे अंशांचं बीड थेट पाण्याच्या नळीवर. पुढचं ज्यांनी पाहिलंय ते त्यावर बोलत नाहीत.

माझ्या वहीत मात्र ही भिंत कधीच भिंत नव्हती. भट्टी ‘प्लांट अँड मशिनरी’मध्ये बसते, तिला घसारा मिळतो. भट्टीच्या आतली भिंत बसते कन्झ्युमेबलमध्ये, हातमोजे, वेल्डिंग रॉड आणि मोल्डिंगच्या पावडरीच्या रांगेत. शेवटी मालकाला एक आकडा हवा असतो, लायनिंगचा खर्च दर टनामागे किती. तो आकडा खाली आला की मालकांचा चेहरा उजळतो आणि चहाबरोबर शेंगाचटणीचा पुडा मिळतो. इतकी वर्षं मी तो आकडा काढून देतेय. तो नेमका कशाचा आहे हे विचारायला मेल्टर मामांचं ते वाक्य कानावर पडावं लागलं.

मग मी विचारत सुटले. मामांना विचारलं, आणि बळ्ळारीकडच्या एका पोलाद कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या मावसभावाला फोन करकरून छळलं. त्याचं कामच हे, लॅडलच्या, म्हणजे वितळलेलं पोलाद नेणाऱ्या मोठ्या भांड्याच्या, आतल्या विटा का झिजतात ते बघणं. “तायडे, तुला हे कशाला पायजे?” असं पहिल्या फोनला म्हणाला, नंतरच्या फोनला तोच तासभर बोलला.

मामांच्या भट्टीची भिंत पांढऱ्या पुडीची. जवळजवळ शुद्ध सिलिका, म्हणजे दळलेली गारगोटी, आणि तिच्यात टक्का-दीड टक्का बोरिक अ‍ॅसिड. कॅरमच्या बोर्डवर टाकतो ती पूडही बोरिकच. भट्टीच्या मधोमध पत्र्याचा फॉर्मर उभा करायचा, कॉइल आणि फॉर्मरच्या मधल्या फटीत ही पूड थराथराने टाकायची आणि काट्यांनी टोचून, मग ठोकून ठोकून बसवायची. पाणी अजिबात नाही. मग हळूहळू तापवायचं. इथे घाई चालत नाही, कारण गारगोटी ५७३ अंशांना स्फटिकाची ठेवण बदलते आणि अचानक फुगते. घाईने नेलं तर भिंत पहिल्याच दिवशी तडकते. त्या रात्री मामा घरी जात नाहीत. कॉइलचं पाणी, अर्थ लीकेजचा काटा (वीज भिंतीतून गळायला लागली की तो हलतो), तापमान, तिन्हीकडे आळीपाळीने बघत खुर्चीवर बसून असतात. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी, इथे कूलिंग टॉवरसाठी टँकर, आणि लाईट गेली तरी कॉइलचं पाणी थांबू नये म्हणून वर वेगळी टाकी. मालकांच्या घरच्या टाकीपेक्षा ती जास्त वेळा भरलेली असते, असं मामा म्हणाले. फॉर्मर शेवटी पहिल्या हीटमध्ये वितळून धातूतच मिसळतो आणि भिंत आपल्या पायावर उभी राहते.

तोडलेल्या लायनिंगचा एक तुकडा त्यांनी मला हातात दिला. वाटीएवढा, पण तीन वेगवेगळ्या वस्तू चिकटवल्यासारखा. धातूच्या बाजूला काचेचा काळपट हिरवा थर, सोड्याच्या जुन्या बाटलीच्या बुडासारखा, त्यात बुडबुडे अडकलेले. त्याच्या मागे भाजलेला कडक पांढरा थर, नखाला दाद न देणारा. आणि त्याच्याही मागे, कॉइलच्या बाजूला, भुगा. बोट लावलं की सांडणारा. मला वाटलं हा भाग कच्चा राहिला. मामा हसले. तो मुद्दाम कच्चा ठेवतात. पुढचा थर तडकला आणि बीड फटीतून शिरलं, तर ते या सुट्या पुडीत येऊन अडतं, तिथली पूड त्याच उष्णतेने भाजून घट्ट होते आणि वाट बंद होते. भिंत आतपर्यंत कडक झाली तर तडाही आतपर्यंत जातो. मागची पूड संपूर्ण भाजून निघाली की लायनिंग संपलं, मग पुढून कितीही जाड दिसो.

त्या हिरव्या काचेने मला लहानपणी नेऊन सोडलं. आमचे अण्णा गिरणीत बॉयलरवर होते. वर्षातून एकदा बॉयलर थंड करून इन्स्पेक्टरला दाखवायचा असे, तेव्हा आतल्या खराब फायर ब्रिक बदलायच्या आणि जुन्या विटा कामगार घरी न्यायचे. आमच्या परसात अंघोळीच्या पाण्याच्या चुलीला त्याच विटा होत्या. त्यांचं एक तोंड असंच चकचकीत, वितळून गोठलेलं, त्यावर कोळशाच्या राखेचा दगडासारखा गोळा चिकटलेला. मी तो काढायला बसायचे. निघताना तो विटेचा पापुद्रा घेऊनच निघायचा. अण्णा म्हणायचे, क्लिंकर वीट खातो. मला ती बोलण्याची पद्धत वाटायची. आता भावाने समजावलं तेव्हा कळलं की अण्णा अगदी शब्दशः सांगत होते. राखेतले क्षार विटेत शिरतात, दोघांचं मिळून कमी तापमानाला वितळणारं तिसरंच काहीतरी होतं, वीट आतून बदलते, आणि बदललेला भाग थंड-गरम होताना सुटून येतो. गिरणी बंद झाली, बॉयलर भंगारात गेला, अण्णाही गेले. विटा अजून परसात असतील, घर विकलं त्यांनी काढल्या नसतील तर.

आता मूळ प्रश्नावर येते. वितळत नाही ती वस्तू झिजते कशी?

सिलिका १७०० अंशांच्या वर वितळते. पोलादाच्या भांड्यांत वापरतात त्या मॅग्नेशियाच्या विटा तर २८०० अंशांपर्यंत टिकाव धरतात, आणि पोलाद असतं १६०० च्या आसपास. मग भीती कशाची? स्वयंपाकघरात याचं उत्तर रोज मिळतं. मीठ वितळायला ८०१ अंश लागतात, आमटी शंभरावर उकळते, तरी मिठाचा खडा आमटीत दिसेनासा होतो. तो वितळत नाही, विरघळतो. वितळलेल्या धातूवर तरंगणारी मळी, सगळे स्लॅगच म्हणतात, ती ही आमटी. धातू स्वतः भिंतीला फारसा त्रास देत नाही. भिंत विरघळवते ती मळी, आणि तीही तिला जे कमी आहे तेच भिंतीतून ओढते. चुन्याने भरलेली मळी सिलिकाची भुकेली असते, सिलिकाने भरलेली मळी मॅग्नेशियाची. म्हणून कुठल्या मळीला कुठली भिंत, हे जुळवणं म्हणजे निम्मं शास्त्र.

आमच्या मामांच्या भट्टीत चुना नसतो, पण गंज असतो. आणि गंज येतो कुठून? भंगारातून. त्या दिवशी ढिगात पॉवरलूमच्या बिडाच्या बाजू पडलेल्या बघितल्या. अख्ख्या फ्रेमा, तेलाने काळ्या, जिथे तेल नव्हतं तिथे लाल. एकीवर अजून लाल कुंकवाचे दोन ठिपके, दसऱ्याच्या पूजेचे असावेत. सोलापूरच्या पूर्व भागातून रोज कुणाचे तरी माग निघतात, हे काही नवं नाही. पण टनाच्या भावात मोजायला उभं राहणं वेगळं. तो गंज भट्टीत गेला की लोखंडाची ऑक्साईड आणि भिंतीची सिलिका मिळून फायलाइट नावाचं खनिज होतं, ते १२०५ अंशांनाच पातळ होतं. तुकड्यावरचा काळपट हिरवा थर तोच. म्हणजे ज्या मागांवर चादरी निघाल्या त्यांचा गंज भट्टीची भिंत चाटून जातो. मी ती फ्रेम ‘कास्ट आयर्न स्क्रॅप’ म्हणून वहीत लिहिली. दुसरं काय लिहिणार.

बिडाची अजून एक खोड मामांनी सांगितली. बीड फार तापवलं, साडेचौदाशेच्या वर नेऊन तसंच धरून ठेवलं, की त्यातला कार्बनच सिलिकाशी भांडतो. तिच्यातला ऑक्सिजन घेऊन वायू होऊन उडून जातो आणि उरलेलं सिलिकॉन धातूत उतरतं. मग लॅबमधून चिठ्ठी येते, कार्बन कमी आला, सिलिकॉन वाढलं. नवा मेल्टर हिशोब चुकला म्हणून वजनकाटा तपासतो. मामा काटा बघत नाहीत, भट्टीत वाकून बघतात, कारण वाढलेलं सिलिकॉन हा भिंतीचा भाग आहे. तळाच्या कोपऱ्यात ही झीज गोल आत शिरते, तिला ‘एलिफंट फूट’ म्हणतात. आमच्याकडे पोरं सरळ ‘हत्तीपाय’ म्हणतात आणि मामांच्या सुजलेल्या घोट्यांकडे बघून हसतात. मामाही हसतात.

भावाच्या जगात हीच गोष्ट मोठ्या मापात चालते आणि तिला इतिहासही आहे. १८५६ मध्ये बेसेमरने हवा फुंकून पोलाद करायची रीत दाखवली, पण त्याच्या भांड्याचं अस्तर सिलिकाचं. लोखंडात फॉस्फरस असला की पोलाद ठिसूळ होई, आणि फॉस्फरस काढायचा तर मळीत चुना हवा. चुन्याची मळी सिलिकाचं अस्तर खाऊन टाके. तिथे सगळं अडलं होतं. तो पेच सोडवला सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या लंडनच्या पोलीस कोर्टातल्या कारकुनाने. दिवसा कोर्टाची कागदपत्रं, संध्याकाळी रसायनशास्त्राचे वर्ग, आणि वेल्समध्ये लोखंडाच्या कारखान्यात रसायनज्ञ असलेला पर्सी गिलख्रिस्ट हा चुलतभाऊ जोडीला. १८७९ मध्ये त्यांनी डोलोमाइटचं, म्हणजे चुना आणि मॅग्नेशिया असलेल्या दगडाचं, अस्तर यशस्वी करून दाखवलं. चुन्याच्या मळीला चुन्याच्याच जातीची भिंत दिल्यावर तिची भूक भागली. फॉस्फरस भरलेली ती मळी नंतर दळून शेतात खत म्हणून गेली. थॉमस १८८५ मध्ये गेला, वय ३४. कारकुनाने पोलादाचा धंदा बदलला याचा मला, हिशोबनीस म्हणून, थोडा जास्तच आनंद झाला हे लपवत नाही.

पुढची गंमत मला त्याहून आवडली. आमटी आधीच खारट करून ठेवली तर वरून टाकलेला खडा सावकाश विरघळेल. पोलादवाले तेच करतात. मळी भिंतीतून मॅग्नेशिया ओढणारच आहे, तर भाजलेला डोलोमाइट टाकून तिला आधीच मॅग्नेशिया खायला घालायचा, साधारण आठ-दहा टक्क्यांपर्यंत. पोट भरलेली मळी भिंतीकडे वळत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत याच्याही पुढे गेले. पोलाद ओतून झाल्यावर कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पोलाद करायच्या भांड्यात, थोडी मळी मागे ठेवायची आणि वरून नायट्रोजनचा जोराचा झोत सोडायचा, की तीच मळी उडून भिंतीला लेपासारखी बसते. जिने खायचं तीच लिंपून जाते. पूर्वी काही हजार हीट चालणारी अस्तरं त्यामुळे दहा हजारांच्याही वर गेली.

आणि विटांमध्ये ग्राफाइट. मॅग्नेशिया-कार्बनच्या विटेत दहा-पंधरा टक्के ग्राफाइट असतं, कारण मळी ग्राफाइटला भिजवू शकत नाही, विटेच्या छिद्रांत शिरत नाही. पण ग्राफाइटला हवेतला ऑक्सिजन जाळतो. मग ते जळू नये म्हणून विटेत अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळतात, जी ग्राफाइटच्या आधी ऑक्सिजन घेते. प्रत्येकाला वाचवायला कुणीतरी आधी संपायला बसलेलं. फोनवर हे ऐकताना मी दोन वेळा “थांब जरा” म्हणाले. भाऊ म्हणाला, सगळ्यात जास्त झीज कुठे होते सांगू? तळाशी नाही आणि वरही नाही. मळीच्या पृष्ठभागाच्या रेषेवर आणि मळी-धातूच्या सीमेवर, एक खाच पडत जाते. तिथे पृष्ठताण जागोजागी वेगळा असतो, त्यामुळे मळीचा पातळ पापुद्रा भिंतीवर सारखा वर-खाली सरकत राहतो आणि विरघळलेलं वाहून नेतो, ताजी मळी पुन्हा भिडते. जपानचे कुसुहिरो मुकाई यांनी हे प्रयोगांतून उलगडून दाखवलं. म्हणून लॅडलच्या त्या पट्ट्यात महागड्या विटा आणि खाली स्वस्त. “सगळीकडे सारखी भारी वीट लावणं म्हणजे पैसे जाळणं,” तो म्हणाला. सगळं एकदमच संपलं पाहिजे, असा हिशोब असतो.

पुन्हा फाउंड्रीत गेले तेव्हा मामांना विचारलं, थांबायचं कधी हे कसं ठरवता? मीटर तर उलटंच सांगतंय, छान चाललंय म्हणून. ते म्हणाले, मीटरचं ऐकायचं, पण खूश व्हायचं नाही. थंड भट्टीत सळईने आतला व्यास मोजतात, अर्थ लीकेजचा काटा हलायला लागला का बघतात, धातूच्या जवळ कॉइलकडे जाणारी काळी रेघ दिसते का बघतात. आणि मालक “अजून एक हीट काढा” म्हणाले तर? मामा जरा थांबले. मग म्हणाले, “काढतो. पण पोरांना लांब पाठवून काढतो.” लायनिंगचा खर्च दर टनामागे कमी करणारी ती एक हीट असते. माझ्या मते तो आकडा मोजायचाच नाही. मोजायचा तर त्याच्या शेजारी भिंतीची उरलेली जाडी लिहिली पाहिजे, नाहीतर तो आकडा मालकाशी गोड बोलत राहतो.

दुसरी गोष्ट मात्र मी विचारायच्या आधीच दिसली. बाजूच्या भट्टीचं लायनिंग तोडणं चाललं होतं. दोन पोरं आत, छिन्नी आणि हातोडा, तोंडाला रुमाल. धूळ अशी की उन्हाचा पट्टा घट्ट पांढरा दिसत होता. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही, तिथे व्रण करते; सिलिकोसिस. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच कळवायच्या आजारांत त्याचं नाव होतं, आणि १९९७ पासून ही धूळ कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. रुमालाने ती अडत नाही. भिंत भरतानाही तीच धूळ, तोडतानाही तीच. अण्णांचा शेवटचा खोकला कापसाचा, कोळशाचा की बॉयलर साफ करतानाच्या राखेचा, हे कुणी कधी ठरवलं नाही. गिरणीतला खोकला म्हणून सगळे सोडून देत.

मालकांकडे मास्कचा विषय काढला. चांगले मास्क घेतले होते, पोरं लावत नाहीत, बेचाळीस डिग्रीत कोण लावेल, असं ते म्हणाले, आणि तेही खोटं नव्हतं. मग मी भावाकडून ऐकलेलं सांगितलं, की मोठ्या भट्ट्यांना पुश-आउट येतं. भट्टी आडवी करायची, बुडाकडून हायड्रॉलिक दट्ट्या अख्खं लायनिंग एका दमात बाहेर ढकलतो, आत उतरून ठोकत बसायची गरज नाही, धूळ बरीच कमी, आणि दोन दिवसांचं काम काही मिनिटांचं. पुढच्या वर्षी नवी भट्टी घ्यायचीच आहे, तर पुश-आउटसकट घ्या. मालकांनी खर्च विचारला, मी अंदाज सांगितला, त्यांनी मान हलवली. नकाराची.

मग मी म्हटलं, लायनिंग तोडायची मजुरी वर्षभर खर्चात जाते. पुश-आउट मात्र भट्टीबरोबर प्लांटमध्ये बसेल. घसारा मिळेल.

“किती टक्के?” त्यांनी विचारलं.

“पंधरा.”

त्यांनी चष्मा लावला आणि कॅल्क्युलेटर जवळ ओढलं.